नुसता डीएनए केला की नाव कळत नाही

ते फॉरवर्ड परत फिरतंय. त्यात म्हटलंय की अमेरिकेत, युरोपात जायला बॉर्डर ओलांडताना मेलेल्या लोकांची ओळख पटवायचा खर्च वाया जातो, ते स्वतःच कागदपत्रं फेकून देतात, घरच्यांनाही काही पडलेली नसते, आणि पटवायचीच असेल तर डीएनए केला की झालं काम. तीन ग्रुपवर आलं आणि खूप वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आधी डीएनएचं बघू. मशीन नाव सांगत नाही हो. हाडातून निघालेला डीएनए आई, भाऊ, मुलगी अशा कुणाशी तरी जुळवून बघावा लागतो, आणि ती आई ग्वाटेमालाच्या खेड्यात असेल तर तिचं सॅम्पल अमेरिकेपर्यंत पोचणार कसं? तिथल्या सरकारी डेटाबेससाठी नातेवाईकांचं सॅम्पल पोलिसांमार्फत घ्यावं लागतं, मग जो भाऊ स्वतःच बिनकागदाचा तिथे राहतोय तो पोलिसांसमोर जाईल का, तुम्हीच सांगा. अमेरिकेच्या टेक्सस राज्यातल्या ब्रूक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तर कितीतरी मृतदेह सॅम्पल न घेताच पुरले, कायद्यात घ्यायला सांगितलेलं असूनही. 2013 पासून तिथल्या फॅल्फुरियास गावच्या दफनभूमीत बेलर युनिव्हर्सिटीच्या लोरी बेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खणून ते बाहेर काढले, काही तर कचऱ्याच्या पिशव्यांत होते. म्हणून आधी हाडं वाचावी लागतात, कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष, दात आणि हाडांच्या वाढीवरून वय, मांडीच्या हाडावरून उंची, जुनं जुळलेलं फ्रॅक्चर असेल तर तेही. एवढं हातात असलं की हरवलेल्यांच्या यादीत कुठे शोधायचं ते कळतं.

आता कागदपत्रं. काही जण टाकून देत असतील, सगळे नाही. 18 एप्रिल 2015 ला लिबियाहून युरोपकडे निघालेली बोट भूमध्य समुद्रात बुडाली, सातशेहून जास्त माणसं गेली. इटलीच्या नौदलाने 2016 मध्ये ती साधारण 370 मीटर खोलीवरून वर काढली आणि मिलान युनिव्हर्सिटीच्या क्रिस्टीना कातानेओंच्या टीमने एकेक मृतदेह तपासला. मालीच्या साधारण चौदा वर्षांच्या एका पोराच्या कपड्यात शिवलेलं काय सापडलं, तर शाळेचं प्रगतिपुस्तक. आणखी एकाकडे छोट्या पुरचुंडीत गावची माती होती. ही ओळख लपवणारी माणसं वाटतात तुम्हाला? मी ते प्रगतिपुस्तकाचं वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घरच्यांना पडलेली नसते म्हणे. 2013 मध्ये इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ 366 जण बुडाले, त्यांचे नातेवाईक नंतर युरोपातून कुठून कुठून फोटो, कंगवे, टूथब्रश घेऊन रोमला आणि मिलानला आले, डॉक्टरांसमोर बसून अंगावरच्या खुणा सांगितल्या.

राहिला खर्च. मृत्यूचा दाखला नसेल तर बाईला विधवा म्हणून काही मिळत नाही, अनाथ पोराला दुसऱ्या देशातल्या मावशी-काकांकडे नेता येत नाही कारण आईबाप गेलेत हे कागदावर सिद्धच होत नाही. आपल्याकडे माणूस गेला की अस्थी, दहावं, तेरावं सगळं होतं तरी घर सावरायला वर्ष जातं, या लोकांना तर कुठल्या दिवशी रडायचं तेही माहीत नाही.