शेव आणि शेपू

"येताना पाव किलो शेव आणा," असं बायको फोनवर म्हणाली होती. मी भाजीवाल्यासमोर उभा राहून "पाव किलो शेपू केवढ्याला?" असं विचारलं. शेपू जुडीने मिळतो, किलोने नाही, हे त्याने मला समजावून सांगितलं. लहान मुलाला 'विस्तव हाय असतो' सांगतात त्या सुरात. शेवटी दोन जुड्या घेऊन घरी पोचलो. दारात चपलांचे आठ जोड, आत मिसळीच्या कटाचा घमघमाट. बायकोने पिशवीत हात घातला आणि तो तसाच आत राहिला.

"हे काय?"

"शेपू."

"मिसळीवर?"

"मला वाटलं, पाहुण्यांना लवकर घालवायचा तुझा काही बेत असेल," मी म्हणालो. नशीब माझं, हे तिला ऐकू गेलं नाही. का गेलं नाही, ते पुढे येईलच.

तोपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की आजकाल माणसं स्पष्ट बोलत नाहीत. मुलगा दहावीपासून ओठ न उघडता बोलतो. बायको मिक्सर चालू झाल्याशिवाय महत्त्वाचं काही बोलत नाही. डोंबिवली स्टेशनवरच्या घोषणा तर कुणालाच कळत नाहीत, त्यामुळे तिथे मी चारचौघांसारखाच होतो. ऑफिसात साहेब काही म्हणाले की मी "बघतो सर" म्हणायचो. या उत्तरावर मी दीड वर्ष काढलं आणि त्या काळात माझा कामाचा अहवाल चांगला गेला.

मग एके सकाळी जिन्यात तळमजल्यावरचे गृहस्थ भेटले. माझ्या उजव्या बाजूने, खालच्या आवाजात म्हणाले, "वडील गेले काल."

"अरे वा!" मी म्हणालो. "आता राहू द्या चांगले महिनाभर."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की आले आणि गेले यांत फक्त एका अक्षराचा फरक आहे. बाराव्या दिवसापर्यंत मी लिफ्टने ये-जा केली.

त्या रात्री बायकोने निकाल दिला, "कान दाखवून या." कान म्हणजे काय दात आहे का, दुखल्याशिवाय दाखवायला? आधी घरचे उपाय झाले. आईने तेलात लसणीची पाकळी कढवली. माझ्याकडे वडिलांचं पितळी कानकोरणं होतं. एका कडीत दातकोरणं, कानकोरणं आणि कशासाठी ते कुणालाच माहीत नसलेलं एक तिसरं हत्यार. शिवाय स्कूटरची चावी, सेफ्टी पिन, पेनाचं टोपण. आणि अर्थात कापसाच्या काड्या. या काड्यांचा शोध 1923 साली अमेरिकेत लागला. लिओ गर्स्टेनझांग नावाच्या गृहस्थाने आपल्या बायकोला दातकोरणीच्या टोकाला कापूस गुंडाळून बाळाची स्वच्छता करताना पाहिलं आणि त्याचा धंदा काढला. बायको नुसती काही करताना दिसली तर माणूस कारखाना उभारतो. मला बायको स्पष्ट शब्दांत शेव सांगते आणि मी शेपू आणतो. असो. या काड्यांच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'कानाच्या नळीत घालू नये'. जगात सगळे जण ज्या एकाच कामासाठी ती डबी विकत घेतात, तेवढंच एक काम सोडून बाकी सगळ्याला ती चालते.

तरुणपणी एकदा मुंबईत लाल फेटेवाल्या, कानामागे कापूस खोचलेल्या कान साफ करणाऱ्यापुढेही मी बसलो होतो. त्याने माझ्या कानातून जेवढं बाहेर काढून दाखवलं तेवढं माझ्या अख्ख्या डोक्यात मावलं नसतं.

दिवाळीत घडायचं ते घडलं. नरकचतुर्दशीला पहाटे आईने परंपरेप्रमाणे कानात तेल घातलं, वर मी शॉवरखाली डोकं धरलं. उजवा कान गच्च बंद झाला. मळ पाण्याने फुगतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की आपण रांजणात तोंड घालून बोलतोय. बाहेर फटाके वाजत होते आणि मला माझं चकली चावणं त्यांच्यापेक्षा मोठं ऐकू येत होतं.

भाऊबीज उरकून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर तिशीतले, बोलके. "काका, कान फुटला होता का कधी? पू वगैरे? पडद्याला भोक?" असं आधी विचारून घेतलं, मग कॅमेऱ्याची नळी आत सरकवली आणि समोरच्या पडद्यावर माझा कान दिसू लागला. गुलाबी बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी बरणीच्या तळाला राहिलेल्या जुन्या चिंचेसारखा काळपट, चकचकीत गोळा. त्यात कापसाचा एक तंतूही अडकला होता. पुराव्यासारखा.

"काय घालता कानात?"

"काही नाही," मी म्हणालो. बायकोने तंतूकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी मग कानाची रचना समजावली. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. आतली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने आपोआप सरकत असते, साधारण नखं वाढतात त्या वेगाने, आणि मळ तिच्यावर बसून सरकत्या जिन्यासारखा बाहेर येतो. आपण काडी घालतो आणि वर आलेल्या उतारूंना परत खाली ढकलतो. "शिवाय जबडा हलला की मळ सुटायला मदत होते. चावताना, बोलताना."

"बोलताना?" बायको खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे माणूस घरात तोंडच उघडत नसेल तर?"

"तर थोडा फरक पडू शकतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचं नवीन लग्न झालेलं असावं. आपण काय हत्यार कुणाच्या हातात देतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

त्यांनी आणखी एक उलगडा केला. मळाने कान बंद झाला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून माणूस नकळत हळू बोलायला लागतो. म्हणजे दीड वर्ष मला घरच्यांचं ऐकू येत नव्हतं आणि घरच्यांना माझं. आमच्या घरात त्या काळात 'काय?' हा शब्द जेवढा उच्चारला गेला तेवढं दुसरं काहीच नाही.

पाच दिवस थेंब घालायचे होते. दिवसातून तीनदा, कुशीवर पाच मिनिटं पडून. बाटली शंभर रुपयांच्या आतली, अंगठ्याएवढी. पडल्या पडल्या दुसरा उद्योग नाही म्हणून मी चष्मा लावून तिच्यावरची अक्षरं वाचली. पॅराडायक्लोरोबेन्झीन. टर्पेंटाइन. पहिलं सार्वजनिक मुतारीत ठेवतात त्या वड्यांत असतं, दुसऱ्याने रंगारी ब्रश धुतात. माझ्या कानाची पात्रता औषध बनवणाऱ्याने अचूक ओळखली होती.

थेंबांनी पहिले तीन दिवस अजूनच कमी ऐकू येतं, कारण गोळा भिजून पसरतो. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. उजव्या बाजूने सांगितलं असणार. मी आपला समजून चाललो की आता हे असंच. श्रवणयंत्राच्या किमती बघून ठेवल्या. मुलाला जवळ बसवून बँकेची कागदपत्रं कुठल्या फायलीत आहेत ते दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, मळ आहे तो." दोनदा म्हणाला, कारण पहिल्यांदा मला 'बाबा, वेळ आहे हो' असं ऐकू आलं आणि मला भरून आलं.

सहाव्या दिवशी सिस्टरांनी खांद्यावर रबरी कापड टाकलं आणि काजूच्या आकाराचा स्टीलचा ट्रे कानाखाली धरायला मलाच दिला. डॉक्टरांच्या हातातली पिचकारी बघून मला रंगपंचमी आठवली. पाणी मात्र त्यांनी स्वतःच्या मनगटावर टाकून तपासलं, बाळाचं दूध तपासतात तसं. पाणी अंगाच्या उष्णतेचंच हवं. गार किंवा कढत गेलं तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतला द्रव हलतो आणि माणसाला भोवळ येते. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरने कान धुताना गरगरणाऱ्या रोग्यांचे डोळे बघून हे ओळखलं आणि तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेवरच्या कामासाठी त्याला 1914 सालचं नोबेल मिळालं. तेव्हा तो महायुद्धात पकडला जाऊन रशियाच्या कैदेत होता. हे सगळं डॉक्टर मला माझ्या कानात पिचकारी रोखून सांगत होते. मीही एका परीने कैदेतच होतो.

पहिली पिचकारी. कानात धबधबा. दुसऱ्या पिचकारीला मला खोकला आला. घशाचा आणि कानाचा काय संबंध? तर मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या एका लांबलचक नसेचा एक फाटा वाटेत कानालाही भेटून जातो. तिसऱ्या पिचकारीला ट्रेमध्ये 'टप्' असं वाजलं.

ते 'टप्' मला ऐकू आलं. उजव्या कानाने.

ट्रेमध्ये मोठ्या हरभऱ्याएवढा गोळा पडला होता. माझं दीड वर्ष. मुलाने फोनवर तेवढ्यात शोधून काढलं की देवमाशाच्या कानात मळ आयुष्यभर साठत जातो आणि त्याचे थर मोजून शास्त्रज्ञ त्याचं वय काढतात. एवढंच नाही, त्याने कधी किती ताण सोसला तेही त्यातल्या संप्रेरकांवरून कळतं. बायको ट्रेमध्ये वाकून म्हणाली, "ह्यात माझी सगळी वाक्यं असतील. एकही आत गेलेलं नाही."

बाहेर रस्त्यावर आलो आणि दचकलो. जगाचा आवाज कुणीतरी मागच्या मागे वाढवून ठेवला होता. रिक्षाचा इंडिकेटर टकटक करतो. नोटा मोजताना करकरतात. माझी डावी चप्पल दर पावलाला चुकचुकते, जणू तिला माझं काही पटत नाही. रात्री फ्रिज गुरगुरला, पंखा किणकिणला, आणि माझे गुडघे उठताना जे वाजतात ते मी पहिल्यांदा ऐकलं. ते माहीत नव्हतं तेच बरं होतं.

टीव्हीचा आवाज अडतिसावरून चौदावर आला. चौथ्या दिवशी खालच्या काकूंनी बेल वाजवली. मला वाटलं, आभार मानायला आल्या. तर म्हणाल्या, "तुमची साडेसातची मालिका बंद झाली का हो? मी तुमच्या टीव्हीवर कुकर लावायचे."

कुणाचं आयुष्य सुधारलं की माणूस प्रचारक होतो. मी तुळशीचं लग्न-हळदीकुंकू काही सोडलं नाही, सगळीकडे थेंबांचं माहात्म्य सांगितलं. गंमत म्हणजे प्रत्येकाकडे असं एकेक दैवत निघालं. मालवणकडच्या वहिनींनी कपाटातून कोकमाच्या बियांच्या तेलाचा पिवळट, मेणासारखा गोळा आणून दाखवला. गरम करून टाचेला लावायचा, भेगा भरतात, आणि तीन हिवाळे त्या मोज्यांशिवाय झोपल्या. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा सगळ्या मर्जांवर तुरटी सांगतात. एकाने शौचालयात पाय ठेवायला घेतलेल्या दीडशे रुपयांच्या स्टुलाचं असं काही वर्णन केलं की बासुंदीचे पेले थांबले. लाखभर रुपयांच्या फोनबद्दल इतक्या भक्तीने बोलताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

घरात मात्र सगळ्यांची जरा अडचणच झाली. मुलगा आता 'बाहेरूनच काहीतरी मागवू' हे बाल्कनीत जाऊन बोलतो. आईला वाटतं, लसणीचं तेल लागू पडलं. आणि बायको रोज रात्री साडेनऊला तिच्या बहिणीशी फोनवर बोलते. दीड वर्ष त्या दोघी माझ्या उजव्या बाजूला, सोफ्यावर, मोकळेपणाने बोलत होत्या. परवा नेहमीप्रमाणे फोन लागला. मी पेपर वाचत होतो. फोनमधून मेहुणी म्हणाली, "काय, शेपू काय म्हणतोय तुझा?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं.

"चळूह चोलब," ती फोनमध्ये म्हणाली. "चांनीय चानक चाफस चेलेक."

मी पेपर थोडा वर धरला. चौथीत असताना च-च्या भाषेत मी सबंध शाळेत पहिला होतो, हे लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी या घरात कुणाला सांगितलेलं नाही.