निळा चहा आणि कोरडे पोहे

ज्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची गणपूर्ती केवळ चहापोह्यांच्या आशेवर होते, त्या संस्थेने चहावर प्रयोग करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी लेखी द्यायलाही तयार आहे. गेल्या रविवारी आले-वेलदोड्याच्या चहाऐवजी टेबलावर निळ्या, तांबड्या आणि फिकट पिवळ्या पाण्याच्या बरण्या मांडलेल्या होत्या, वर ‘आरोग्य चहा’ अशी पाटी होती आणि साखरेचा डबा संस्थेच्या कार्यालयात कुलूपबंद होता.

या आरोग्यक्रांतीचे जनक आमच्या ‘बी’ विंगमधले एक निवृत्त अभियंते आहेत. पाटबंधारे खात्यात हयात गेल्यामुळे पाणी मागितल्याबरोबर सोडायचे नसते, हा संस्कार त्यांच्या हाडीमाशी खिळला आहे. मी पेला पुढे केला, तेव्हा त्यांनी खिशातून तापमापक काढून शांतपणे किटलीत बुडवला.

“थांबा. अजून ब्याण्णव अंश आहे. ग्रीन टीला ऐंशीच्या पुढचे पाणी चालत नाही, कडवट होतो.”

“साहेब, मला कडवट चालेल.”

“तुम्हाला चालून कसे चालेल? पद्धत आहे ती.”

माझ्यामागे रांग वाढत होती आणि पारा उतरायचे नाव घेत नव्हता. मधल्या वेळात लोकांची करमणूक व्हावी म्हणून साहेबांनी निळी बरणी पुढे ओढली. तो गोकर्णाच्या फुलांचा काढा होता. त्यांनी त्यात लिंबू पिळताच तो जांभळा झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. गोकर्णातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात रंग बदलते, एवढीच ती जादू. पण टाळ्यांची चटक वाईट असते. साहेबांनी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासाठी नवे लिंबू कापले. याने स्मरणशक्ती वाढते, असेही ते प्रत्येकाला सांगत होते. त्याविषयीचे प्रयोग बहुतांशी उंदरांवर झालेले आहेत, हे मी हळूच म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून माझी गणना कोणात झाली हे मला कळले.

तांबड्या बरणीचा निकाल मात्र तळमजल्यावरच्या अमरावतीकर काकूंनी लावला. साहेब ‘हिबिस्कस टी’चे रक्तदाबावरचे गुण सांगत असताना त्यांनी गाळणीतला चोथा बोटाने उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, ही तर अंबाडीची बोंडं! आमच्याकडे याची चटणी करतात.” रक्तदाब थोडा उतरल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, हे खरे, पण त्यासाठी परदेशी नावाचा महागडा डबा लागतो, असे त्या अभ्यासांत कुठेही म्हटलेले नाही.

मी शेवटी धीर करून साध्या चहाची चौकशी केली. त्यावर साहेबांनी दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या कॅटेचिन नावाच्या गुणकारी मानल्या जाणाऱ्या द्रव्यांना चिकटते, हे मोठ्या आवाजात सर्वांना ऐकवले. चिकटते, यात वाद नाही. त्यामुळे चहाचा फायदा नेमका किती बुडतो, याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. शिवाय ज्याला ते विष म्हणत होते तो आसामचा काळा दाणेदार चहा आणि ज्याला अमृत म्हणत होते ती हिरवी पत्ती, ही दोन्ही एकाच झाडाची लेकरे आहेत. एकाची पाने चुरून हवेवर काळी होऊ दिली जातात, दुसऱ्याची लगेच उष्णता देऊन हिरवी राखली जातात. गोकर्ण आणि अंबाडी त्या कुळातली नव्हेतच. तरी पाटीवर त्यांना चहाचा मान आणि खऱ्या चहाला प्रवेशबंदी.

इथवर मी हसून घेतले असते. पण फिकट पिवळ्या बरणीत ज्येष्ठमध होते आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एका आजींना साहेब “रोज सकाळ-संध्याकाळ घ्या, घशाला उत्तम” असे सांगत होते. ज्येष्ठमध नियमित पोटात गेले तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. आजींनी घरी सुनेच्या हातचा अर्धा कप चहा घेतला, तर याच इमारतीत त्यावर चर्चा होते. हे मात्र आरोग्य. चहाबद्दलचा खरोखर उपयोगी सल्ला अगदी नीरस आहे: साखर कमी घाला, ६५ अंशांवरचा कढत चहा घशाखाली उतरवू नका आणि जेवणाबरोबर चहा पिऊ नका, कारण त्यातली टॅनिने अन्नातले लोह शोषू देत नाहीत. यासाठी डबा विकत घ्यावा लागत नाही, म्हणून तो कोणी पाटीवर लिहीत नाही.

या गोंधळात गच्चीच्या गळतीचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. गळती माझ्याच स्वयंपाकघरात आहे. चरफडत पोह्यांची बशी उचलली, तर पोहे कोरडे. पोह्यांत जे काही लोह असते, ते अंगी लागायला लिंबाचीच मदत होते, म्हणून मी लिंबाची फोड मागितली.

“लिंबं संपली,” साहेब म्हणाले. “रंग दाखवण्यात गेली.”

“मग पोहे असेच खायचे?”

“असेच कशाला?” त्यांनी तापमापक पुसून खिशात ठेवला आणि माझा पेला काठोकाठ भरला. “सोबत ग्रीन टी घ्या ना. आता बरोबर ऐंशी झालाय.”