मामाला कुत्रा का पाठवत नाही

सांगलीचे माझे मामा दर रविवारी फोन करतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली, पण बातम्या ते एकही चुकवत नाहीत. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये आधी दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा म्हटलं, मग अकरा दिवसांत आदेश बदलून, नसबंदी आणि लस देऊन होती तिथेच सोडा म्हटलं. त्यावरून त्यांच्या सोसायटीत दोन तट पडले. ते सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाले, ‘‘तुमच्याकडं कुत्री आंधळ्याला रस्ता ओलांडून देतात म्हणं. मला एक पाठव की.’’

मी इंग्लंडमध्ये लेमिंग्टन स्पाला राहते. आंधळ्यांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या ‘गाइड डॉग्ज’ या संस्थेचं पैदास केंद्र इथून जवळच आहे. मागच्या वर्षी त्यांचं आठ आठवड्यांचं एक काळं लॅब्राडोर पिल्लू आमच्या घरी वाढायला आलं. खरं तर कुत्रं रस्ता ओलांडून देत नाही. ते फुटपाथच्या कडेला थांबतं. गाड्यांचा कानोसा घेऊन ‘चल’ म्हणायचं ते माणसाने. पण गाडी अंगावर येत असेल, तर हुकूम होऊनही ते जागचं हलत नाही. कधी ऐकायचं नाही, हे कुत्र्याला शिकवणं हीच या कामातली खरी विद्या.

ही विद्या पिल्लू जन्मायच्या आधीपासून सुरू होते. आई-बापाचे खुबे, कोपर, डोळे, स्वभाव तपासूनच जोडी ठरते. त्यातही पेच आहेत. लॅब्राडोरमध्ये भूक शमू न देणारा एक जनुकीय बदल असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की घरगुती लॅब्राडोरांपैकी साधारण चौथ्या हिश्शात तो आहे, आणि त्यांनी तपासलेल्या मदतनीस कुत्र्यांमध्ये मात्र 76 टक्क्यांत. खाऊसाठी आतुर कुत्रं लवकर शिकतं, म्हणून निवड करताना हावही निवडली गेली असावी. आमच्या पिल्लाचं खाणं मी रोज काट्यावर ग्रॅममध्ये मोजायची, बक्षिसाचे दाणेसुद्धा त्याच वाटीतले. वाटी रिकामी झाली की ते तोंड वर करून बघायचं, आणि मला गलबलून यायचं. आपल्या सोयीसाठी त्याच्या पोटात ही भूक आली, तेव्हा त्याचं वजन, सांधे, निवृत्ती सांभाळणं हे उपकार नव्हेत, देणं आहे.

इथेही सगळं आलबेल नाही. कुत्र्यासाठी थांबणाऱ्यांची रांग मोठी आहे. कायद्याने मनाई असूनही टॅक्सीवाले कुत्र्यासकट माणसाला नाकारतात. आमच्या ओळखीच्या एका बाई पावसात अशाच उभ्या राहिल्या होत्या.

पण आपल्याकडच्या वादात मला एक गोष्ट खुपते. ‘उचला’ म्हणणारे आणि ‘खाऊ घालू द्या’ म्हणणारे, दोघेही कुत्र्याकडे नुसत्या मायेने किंवा भीतीने बघतात. कुत्री सांभाळणं हे शिकून करायचं काम आहे, ही गोष्ट दोन्हीकडे कुणी बोलत नाही. नसबंदीसाठी हाताशी सर्जन हवेत, कुत्रं न दुखावता पकडणारी माणसं हवीत, वॉर्डावार मोजणी हवी. त्यांना नेमा, नीट पगार द्या, असा मोर्चा मला अजून दिसलेला नाही. आणि या वादात मामांसारख्यांना कुणी विचारतही नाही. भुंकणाऱ्या टोळीतून वाट काढायची त्यांनाच, आणि टोळी आहे तोवर मदतीचं कुत्रंही त्यांना मिळणार नाही.

मी मामांना नाही म्हणाले. एवढ्या मेहनतीने तयार केलेलं कुत्रं त्यांच्या गल्लीत पहिल्या वळणावरच घेरलं जाईल. एकदा चावा बसला की ते दुसऱ्या कुत्र्यांना बिचकायला लागेल, आणि बिचकलेल्या कुत्र्याच्या भरवशावर मामांनी पाऊल कसं टाकावं?

मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘खरं आहे. माझ्या काठीला ती ओळखतात, बाजूला होतात. दुसऱ्या कुत्र्याला सोडायची नाहीत.’’ आणि आमच्या पिल्लाचं नाव काय, ते विचारलं.