दोघांना एकाच दिवशी सुट्टी

आठवड्याला 90 तास कामाचा पुरस्कार करणारी लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची चित्रफीत 2025 च्या जानेवारीत सगळीकडे फिरली. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं त्यांनी कर्मचाऱ्यांना विचारलं होतं. त्यावर उठलेला गदारोळ मी इथे इंग्लंडमध्ये, शेफिल्डला बसून वाचत होते. उत्तरं आली ती थकव्याची, आजारपणाची, उत्पादकतेची. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मात्र फारसं कुणी थेट उत्तर दिलं नाही. माझं उत्तर असं, की बायकोकडे किंवा नवऱ्याकडे बघत बसायला वेळ हवाच, आणि तो दोघांना एकाच दिवशी मिळायला हवा.

मी एका मोठ्या सुपरमार्केटमधल्या औषधांच्या काउंटरवर फार्मासिस्ट आहे. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. त्याचे शनिवार-रविवार मोकळे असतात तेव्हा बहुधा माझी ड्यूटी असते, आणि मला सुट्टी मिळते ती मंगळवारी नाहीतर गुरुवारी. डिसेंबरचे शेवटचे आठवडे तर विचारूच नका. खोकल्याच्या औषधासाठी रांग, दुकान बंद राहणार म्हणून महिन्याच्या गोळ्या आधीच मागायला आलेली वयस्कर माणसं, एकीकडे सतत वाजणारा फोन. 24 तारखेच्या संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात.

25 ला, ख्रिसमसच्या दिवशी, मात्र सगळं थांबतं. रेल्वे बंद, मोठी दुकानं बंद, रस्ते मोकळे. आम्ही ना झाड सजवलं, ना कुणाला जेवायला बोलावलं. आठ वाजून गेल्यावर उजाडलं, त्यानंतर केव्हातरी उठलो. मुगाची खिचडी टाकली, पापड भाजले, दुपारी एंडक्लिफ पार्कमध्ये ओढ्याच्या कडेने चालत गेलो. चारच्या आत अंधारून आलं तेव्हा घरी परतलो. त्या दिवसभरात सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला, इथे अजून किती वर्षं राहायचं हा विषय निघाला, आणि दोन्ही विषय शेवटपर्यंत बोलून झाले. एरवी दारात एकमेकांना चावी देता-देता हे विषय सुरू होतात आणि तिथेच राहतात.

आईचा साताऱ्याहून फोन आला. ‘‘अगं, सणाचा दिवस आणि दोघंच घरात?’’ तिला खरंच वाईट वाटलं होतं. सण म्हणजे माणसांनी भरलेलं घर, हे तिचं गणित मला मान्य आहे. दिवाळीला मलाही तसंच घर हवं असतं. पण त्या भरल्या घरात नवरा-बायकोला अर्धा तास शेजारी बसून बोलता येत नाही, हेही तितकंच खरं आहे. दोघांनीच राहावंसं वाटणं म्हणजे माणसं नकोशी होणं नव्हे.

इथली ही शांतता आपोआप आलेली नाही, आणि मला सांगायचंय ते नेमकं हेच. इथल्या 1994 च्या कायद्याने ख्रिसमस रविवारी आला तरच मोठी दुकानं बंद ठेवावी लागत. इतर वारी आला तर ती उघडायला मोकळीक होती, आणि काही साखळी दुकानं उघडू लागली. तेव्हा दुकान-कामगारांच्या ‘अस्डॉ’ या संघटनेने जोर लावला आणि केव्हन जोन्स या मजूर पक्षाच्या खासदारांनी खासगी विधेयक आणलं. त्यातून 2004 चा कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरहून मोठं दुकान 25 डिसेंबरला, वार कोणताही असो, उघडता येत नाही. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला मुभा आहे. माझ्या मॅनेजरला कितीही वाटलं तरी त्या दिवशी दुकान उघडून मला काउंटरवर उभं करता येत नाही. मला सुट्टी मागावी लागत नाही, शेजारच्या काउंटरवरच्या मुलीशी त्यासाठी भांडावं लागत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवली, ती 10 जून 1890 रोजी. गिरणीत पुरुष होते तशा बायकाही होत्या. रविवारी भोंगा सगळ्यांसाठीच बंद असे.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकानांचा कायदा दुकान वर्षाचे 365 दिवस उघडं ठेवू देतो आणि कामगाराला आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीने सुट्टी देतो. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण तिची सुट्टी मंगळवारी, त्याची शुक्रवारी, असं असेल तर त्या दोन सुट्ट्यांचा संसाराला काय उपयोग? 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतला दिवस नऊवरून दहा तासांचा करायला मंजुरी दिली. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक 2018 मध्ये मांडलं, 2025 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. इथे खासगी विधेयकाचा कायदा झाला, तिथे अजून झालेला नाही.

इथलं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत पाळी करणाऱ्यांत परदेशातून आलेली माणसं खूप असतात, त्यात आपलीही. आणि 26 पासून नवऱ्याचा लॅपटॉप बंद राहतो, कारण हिंजवडीतली त्याची निम्मी टीम कामावर असते. तिथल्या कुणाच्या तरी रात्रपाळीवर आमची सुट्टी उभी आहे, आणि दिवाळीत त्यांना याची परतफेड मिळत नाही. ही गोष्ट मला बोचते.

म्हणूनच माझं मागणं इंग्लंडच्या नकलेचं नाही. आपल्याकडे पाडवा आहे, बायको नवऱ्याला ओवाळते तो दिवाळीचा पाडवा. त्या एका दिवशी मॉल आणि मोठी दुकानं कायद्याने बंद ठेवावीत, पगार न कापता. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला, खरेदीचा दिवस, म्हणून व्यापारी विरोध करतील हे दिसतंय. पण पेढीवरचा सराफ, गल्लीतलं किराणा दुकान यांना मोकळं ठेवता येईल, इथेही छोट्यांना मोकळंच ठेवलंय. आणि मोठ्या दुकानांची गर्दी आदल्या चार दिवसांत येतेच, इथे ती दरवर्षी मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघते. माझी मावसबहीण नाशिकच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या विभागात आहे आणि तिचा नवरा सातपूरला पाळीवर जातो. यंदा पाडव्याला तिने त्याला ओवाळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती.