‘व्हॅनला पासिंग कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्यापासून पालकांच्या गटांवर शाळेच्या व्हॅनच्या पासिंगबद्दल, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीबद्दल, एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘व्हॅन म्हणजे कारच. कारला १५ वर्षं पासिंग नाही, मग व्हॅनवाल्यांनाच दर वर्षी आरटीओत खेटे का? पीयूसी आहे ना, बास. नंबर प्लेट पांढरी असली तर काय बिघडलं, गाडी तीच!’ माझी मुलगी व्हॅननेच शाळेत जाते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘गाडी तीच.’ हे खरंय. एकच मारुती इको घरच्यांसाठी घेतली तर पांढरी प्लेट, भाड्याने मुलं न्यायला घेतली तर पिवळी. पण १९८८चा मोटार वाहन कायदा गाडीचा सांगाडा बघत नाही, वापर बघतो. पैसे घेऊन माणसं नेली की ती प्रवासी वाहतूक. कलम ५६ प्रमाणे अशा गाडीला फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर तिची नोंदणीच वैध धरत नाहीत.

‘दर वर्षी खेटे.’ नव्या गाडीला फिटनेस २ वर्षांचं मिळतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर २ वर्षांनी, आणि त्यानंतर दर वर्षी. कारही कायमची सुटलेली नाही. १५ वर्षांनी तपासणी करून ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावीच लागते.

‘पीयूसी आहे ना.’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पीयूसीत फक्त धूर तपासतात. ब्रेक, स्टिअरिंग, हेडलाइट, वायपर, काचा, हॉर्न हे सगळं पासिंगला बघतात. आमच्या आधीच्या व्हॅनचं सरकतं दार दोनदा आपटूनही लागेना. काका म्हणाले, ‘ताई, जरा वर उचलून ओढा.’ ओढताना आत पाहिलं, तर मागे फळी टाकून चार मुलं दाटीवाटीने बसवलेली आणि फळीखाली सीएनजीची टाकी. त्या दिवशी त्या गाडीची पीयूसी चालू होती! त्या टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणं) लागते, तीही पीयूसीत येत नाही.

‘पांढरी असली तर काय बिघडलं.’ खासगी कारच्या विम्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने वापरलेली गाडी त्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार, आणि मग काका आणि पालक दोघंही कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार.

मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त आहे. पासिंगच्या दिवशी व्हॅनवाल्याचा धंदा बुडतो, आणि शेजारी १४ वर्षांची कार एकदाही ब्रेक न तपासता रस्त्यावर फिरत असते. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी खासगी कारलासुद्धा ३ वर्षांनंतर दर वर्षी तपासणी लागते. मागायचंच असेल तर आपल्याकडे कारची तपासणी लवकर सुरू करा, हे मागावं. व्हॅनला सूट मागू नये. ती रोज दोन-दोन फेऱ्या मारते, थांब्याथांब्याला ब्रेक दाबते, आणि आत आपलीच मुलं असतात.

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेसची मुदत दिसते. आत्ताच्या व्हॅनची मी पाहून घेतली. टाकीवरच्या पट्टीवरची हायड्रो टेस्टची तारीख नव्या काकांनी मोबाइलचा टॉर्च मारून स्वतःच दाखवली.