बँका शेतकरी बुडवतो? बारा खात्यांचा हिशोब बघा

आमच्या नागपुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. ‘बँका बुडतात त्या शेतकऱ्यांच्या थकबाकीमुळे. कर्ज पगारदारालाच द्या, सिबिल बघा, तारण घ्या, मग बँकेला धोकाच नाही.’ माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी शेतकऱ्याचं. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बारा थकीत खाती दिवाळखोरी कायद्याखाली न्यायला सांगितलं. बँकांच्या एकूण थकीत कर्जातला सुमारे २५ टक्के पैसा या बाराच खात्यांत अडकला होता. त्यांत पोलाद कंपन्या होत्या, जहाजबांधणी होती, बांधकाम होतं. शेतकरी एकही नव्हता. पोलादाचे भाव कोसळले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोनशेहून अधिक कोळसा खाणपट्टे रद्द केले, त्याचा फटका विजेच्या आणि धातूच्या प्रकल्पांना बसला. यात कुठल्या कास्तकाराचा हात होता?

आणि लांब कशाला जायचं? नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक तर शेतकऱ्यांचीच. २००२ मध्ये तिचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये सरकारी रोख्यांसाठी दलालांच्या हाती गेले आणि रोखे बँकेत आलेच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकरणात न्यायालयानं शिक्षा सुनावली. पैसा घेऊन समोरच्यानं माल दिला नाही, हाही पतजोखमीचाच, म्हणजे दिलेला पैसा समोरच्याकडून परत न येण्याच्या धोक्याचाच प्रकार. त्याची झळ मात्र पीककर्जासाठी दारात उभ्या असलेल्या माणसाला लागली.

शेतीकर्जात धोका नाही, असं मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये थकीताचं प्रमाण शेतीतच सगळ्यांत जास्त, सहा टक्क्यांच्या आसपास होतं. कर्जमाफीची चाहूल लागली की ऐपत असलेलेही हप्ता थांबवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण खरी अडचण वेगळी आहे. काटोल-नरखेडला संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ झाली की एकाच बागेची होत नाही. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं की भाव सगळ्यांचाच पडतो. म्हणजे एका शाखेची शंभर खाती एकाच महिन्यात थकतात. बँकेला मारतं ते हे एकदम थकणं. एकाच कारखान्याच्या पाचशे पगारदारांना घरकर्ज दिलं आणि कारखान्याला टाळं लागलं, तर तिथेही तेच होईल.

तारणाचं म्हणाल, तर तारणानं हप्ता येत नाही. हप्ता थांबल्यावर किती हाती लागेल, एवढंच त्यावर ठरतं. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे सातबाऱ्यावर बोजा चढवूनही बँक त्या कायद्यानं जमीन ताब्यात घेऊ शकत नाही. बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं भंगाराच्या भावानं जातात. आणि मंदीत फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईकही मंदीतलंच मिळतं.

सिबिलचा ३०० ते ९०० चा आकडा कामाचा आहे, पण तो कालची परतफेड सांगतो. उद्या जाणारी नोकरी त्यात दिसत नाही.

मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या बँकेचा वार्षिक अहवाल उघडा. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के वाटा आहे, तो आकडा शोधा आणि ग्रुपवर टाका.