वडिलोपार्जित दुनळीची वासलात कशी लावावी

मराठवाड्यात ज्या घराला थोडी कोरडवाहू जमीन, पडायला आलेला वाडा आणि एकमेकांशी न बोलणारे भाऊ असतात, त्या घरात पुष्कळदा एक दुनळी बंदूकही असते. परवाना आधी आजोबांच्या नावे असतो, मग वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावे होतो आणि तेही गेले की बंदूक गोधडीत गुंडाळून कणगीमागे उभी केली जाते. अशी बंदूक तुमच्या वाट्याला आली असेल, तर ती ओळखावी कशी आणि तिचे मोल करावे कसे, याचा नको इतका अनुभव मला नुकताच घरबसल्या मिळाला आहे. तो एकट्याने भोगणे बरे नव्हे, म्हणून हे मार्गदर्शन.

प्रथम किंमत ठरवावी. बंदूक नंतर सवडीने पाहिली तरी चालते. पुण्याच्या भाच्याने मोबाईलवर कुठल्याशा विलायती लिलावाचा व्हिडिओ पाहिलेला असतोच. त्यात लंडनच्या ‘पर्डी’ या नामांकित बंदूककारांची बंदूक लाखो रुपयांना गेलेली असते. त्या बंदुकीला दोन नळ्या होत्या आणि आपलीलाही दोनच आहेत, एवढ्या साम्यावरून आपल्या बंदुकीचा आकडा बेधडक जाहीर करावा आणि त्याचे चार भावांत चार हिस्से तोंडी पाडून टाकावेत. एखाद्याने आपल्या हिश्श्यावर ट्रॅक्टरचा पहिला हप्ता बेतला, तर त्याला अडवू नये.

किंमत ठरली की इतिहास ठरवावा, आणि तो अवघड नाही, कारण आपल्याकडची प्रत्येक जुनी बंदूक निजामाने खूश होऊन आजोबांना बक्षीस दिलेली असते. परभणीपासून धाराशिवपर्यंत ज्या ज्या वाड्यात मी पाणी प्यायलो आहे, तिथे तिथे मला ही हकीकत ऐकायला मिळाली आहे. एवढ्या बंदुका वाटल्यावर निजामाच्या फौजेकडे काय उरले असेल, हे उघड आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई १७ तारखेला का संपली, या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर इतिहासकारांना कसे सुचले नाही, कोण जाणे.

बारा बोअर म्हणजे नळीचे तोंड बारा मिलिमीटर, असे सांगणाऱ्याशी वाद घालू नये. (एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास येतो, तो बारा बोअर, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पण हे सांगून भाऊबंदकी वाढते.)

बंदुकीवर कोरलेले नाव हेच तिचे खरे नाव समजावे. बर्मिंगहॅमचे ‘वेस्टली रिचर्ड्स’ नावाजलेले बंदूककार होते, म्हणून बेल्जियममधून ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ अशा नावाच्या स्वस्त बंदुका निघत आणि त्या जगभर खपत, यात संशय घेण्यासारखे काही नाही. आपण ‘रिचर्ड्स’ एवढे वाचावे आणि थांबावे. नळ्यांच्या पोटाशी, बंदूक जुळवलेली असताना झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर, बंदूक सोसते की नाही याची सरकारमान्य चाचणी झाल्याच्या बारीक खुणा ठोकलेल्या असतात. बंदूक लंडनची, बर्मिंगहॅमची की बेल्जियममधल्या लिएजची, ती साधारण कोणत्या काळातली, आणि काळ्या दारूसाठी बनलेली की धूरविरहित दारूसाठी, हे त्या खुणा सांगतात. म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. खुणा खरे बोलतात आणि खऱ्याने किंमत उतरते.

बंदूक शंभर वर्षांची झाली की ती ‘अँटिक’ ठरते आणि परवाना लागत नाही, असे पारावर एकाने तरी सांगितले पाहिजे. १९५९ चा शस्त्र कायदा ही सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुनाट हत्यारालाच देतो, आणि आपल्या बारा बोअरची काडतुसे तर आजही परवान्यावर विकत मिळतात. पण कायदा वाचत बसलो तर पार ओस पडेल. शिवाय शंभर वर्षांची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा भाच्याचा लंडनचा लिलावही तिथेच बारगळतो. हे भाच्याला सांगू नये. बिचारा आकडेमोड करतो आहे.

एखाद्या वरातीत दोन बार काढून बंदूक चालते का ते पाहावे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच त्याची फी आहे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना: बंदूक स्वच्छ करावी.

आमच्या काकांनी ही दुनळी पन्नास वर्षे जपली. वर्षातून दोनदा ते तिला ओसरीवर घेऊन बसत, नळीतून तेलाचे फडके फिरवत आणि बाहेरून कोरड्या मलमलीने पुसत. याहून जास्त काही करू देत नसत. नळ्यांचा रंग विटकरी तपकिरी होता आणि उन्हात धरल्या की त्यांवर पाण्याच्या लाटांसारखी वेलबुट्टी दिसे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासोबत एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेलो होतो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नळ्यांखालचा लाकडी हातठोकळा काढला, कळ दाबून नळ्या अलगद उतरवल्या, पालथ्या केल्या आणि भिंग माझ्या हातात दिले. एक लंबवर्तुळ, आत ई, एल, जी ही अक्षरे आणि डोक्यावर मुकुट. “ही लिएजची, १८९३ नंतरची,” ते म्हणाले. खाली आणखी चार-पाच बारीक खुणा आणि आकडे होते, ते मी कागदावर उतरवणार होतो, फोटो काढणार होतो. पण काकांनी हात आडवा केला. त्यांच्या वडिलांनी बंदूक इंग्रज साहेबाकडून घेतली, असे ते आयुष्यभर सांगत आले होते. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते आणि गाव आल्यावर एवढेच म्हणाले, “घरी सांगू नकोस.”

आषाढात काका गेले. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणजे बंदूक आता घरात ठेवता येत नाही, ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते, हे मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितले. धाकटे चुलतबंधू म्हणाले, “दादा, एवढी खंडेनवमी होऊ द्या. बाबांची शेवटची पूजा.” यावर काय बोलणार? मी बोललो नाही, ही माझी चूक.

खंडेनवमीला गेलो तो पाटावर एक लखलखीत पांढरी नळकांडी ठेवलेली. मला आधी वाटले, नवा नळ आणला असावा. बंधूंनी कौतुकाने सांगितले, “बघा दादा, आरसा झालाय आरसा, तोंड दिसू लागलंय. लय गंज चढला होता.” मोटारसायकलचे सायलेन्सर आणि लग्नातल्या समया चकाकवणाऱ्या एका दुकानात त्यांनी ती स्वतः सुटी करून नेली होती. तिथे आधी ग्राइंडर फिरला, मग बफ फिरला. बाहेरून फिरला आणि, काम चोख हवे म्हणून, नळ्यांच्या पोटाशीही फिरला.

तो गंज नव्हता हो! लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून सांधून त्या नळ्या घडवतात. ती वीण डोळ्यांना दिसावी म्हणून कारागीर मुद्दाम, बेताने, थरावर थर असा गंज चढवतो, आणि हवा तेवढा रंग आला की थांबवतो. शंभर वर्षे टिकलेला तो रंग अर्ध्या तासात गेला, त्याबरोबर वेलबुट्टी गेली, मुळात काळ्या दारूच्या बेताने घडवलेल्या नळीची जाडी आणखी उतरली, ते लंबवर्तुळ गेले, मुकुट गेला, मी उद्या उतरवून घेईन म्हणून सोडलेल्या चार-पाच खुणा गेल्या. आणि नंबर गेला.

नंबर गेल्याचे कुणाच्या लक्षातही आले नव्हते. ते पोलीस ठाण्यात लक्षात आले. अंमलदाराने काकांचे परवाना पुस्तक उघडले, आकडा वाचला, बंदूक फिरवली, चापाच्या कमानीमागे पाहिले, नळ्यांखाली पाहिले, मोबाईलचा टॉर्च लावून पुन्हा पाहिले. मग शांतपणे विचारले, “पुस्तकावर नंबर आहे, बंदुकीवर नाही. मग ही तीच बंदूक कशावरून?” बंधू म्हणाले, “साहेब, पूजेसाठी घासली.” शस्त्र कायद्याचे आठवे कलम बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा ओळखीची खूण घालवायलाच मनाई करते, आणि खूण घालवलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच ती घालवली असे गृहीत धरते. अंमलदाराने आवाज चढवला नाही, अपशब्द काढला नाही. त्याने पंचनाम्याचा कागद पुढे ओढला. तीनेक महिने परवान्याविना बंदूक घरात होती, ही गोष्ट त्याच कागदावर खालच्या ओळीत आली.

आणि या सगळ्यानंतर बाहेर चहाच्या टपरीवर आमच्या भाच्याने विचारले, “पण मामा, आता पॉलिश केल्यावर भाव वाढला असेल ना?”

अरे, कशाचा भाव? बनावट, मूळ रंगरूप, नळीची जाडी, एकमेकांशी जुळणारे नंबर, यांवर जुन्या बंदुकीची किंमत ठरते, आणि या चारांपैकी एकही गोष्ट तुम्ही शिल्लक ठेवलेली नाही. घेणारा तरी कोण आहे? घेणाऱ्याकडे परवाना हवा, विकण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणजे हौशी माणसालाही तिसरी घेता येत नाही. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमतीपत्रे आणि एक अर्ज, एवढे वेळेत नेले असते तर वारस म्हणून परवाना मागता आला असता. पण संमतीपत्रावर सही करायला चौघांनी एका ओसरीवर बसावे लागते, आणि ते तुम्हाला जमत नाही. तुम्हाला जमते काय? आकडा सांगणे. काकांनी पन्नास वर्षे जिला मलमलीशिवाय दुसरे फडके लावू दिले नाही, ती वस्तू सायलेन्सरवाल्याकडे नेताना एकदा तरी उलटी करून वाचावीशी वाटली नाही? शाळा शिकला आहात ना सगळे? ज्यांच्या घरी अजून गोधडीत गुंडाळलेली आहे, त्यांनी तरी तिला हात लावू नका. जाणत्या विक्रेत्याकडून नळ्या उतरवून घ्या, प्रत्येक खुणेचा फोटो काढा आणि परवानाधारक गेला असेल तर आजच्या आज जमा करून पोचपावती घ्या.

काल बंधूंची चिठ्ठी आली आहे. पॉलिशचे सहाशे रुपये, चौघांत वाटून दीडशे. मी देणार नाही.